कोकणातलं गाव, त्याचे राखणदार आणि सहा बाजूंचे फासे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चिपळूणचे पाच मित्र बरीच वर्षं इंग्रजी पुस्तकांतल्या तयार जगांत रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचे खेळ, खेळताय. आता कोकणावर बेतलेलं स्वतःचं जग हवंय. सात राज्यांचा नकाशा काढून झालाय, जादूच्या बारा शाखा ठरल्यात, चाळीसेक भुतांची यादी तयार आहे आणि प्रत्येकाला हिट पॉइंटही (मरेपर्यंत किती मार सोसेल त्याचा आकडा) देऊन झालेत. तरी खेळायला बसलं की तेच जुनं जग वाटतं, ऑर्क राक्षसाच्या जागी खवीस आलाय एवढंच. कुठे अडतंय?

हिट पॉइंटपाशीच अडतंय. 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं ते पटावरच्या युद्धखेळांमधून, त्यामुळे दिसेल त्याला मोजायचं आणि मारायचं ही सवय त्या खेळाच्या हाडात आहे. त्यात वाईट काही नाही, मीही आवडीने खेळतो. पण आपल्या गावातल्या अदृश्य मंडळींना तो साचा बसत नाही. राखणदाराला कोणी ठार मारल्याची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीय का? ऐकली असेल ती अशी: कोणीतरी त्याचं द्यायचं विसरलं, मग अमुक झालं, मग घाडी (गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी) आला, नारळ ठेवला, आणि पुढे सगळं सुरळीत झालं. यात लढाई नाही. थकबाकी आहे, बोलणी आहेत, तडजोड आहे. खेळाचं यंत्र त्यावर उभं करा.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडे जिवंत आहे. मालवण तालुक्यातल्या आचरा गावाची गावपळण. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल (होकार) झाला की अख्खं गाव, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री यांच्यासकट, शिवेबाहेर झोपड्या घालून तीन दिवस तीन रात्री राहतं. परत यायचं तेही देवाचा कौल घेऊनच. दर काही वर्षांनी हे होतं, आणि शेजारच्या चिंदर, वायंगणीतही ही चाल आहे. आता हे कारागिराच्या नजरेने बघा. गाव माणसांचं आहेच, पण एकट्या माणसांचं नाही. ठरावीक काळाने ते रिकामं करून द्यावं लागतं. एवढ्या एका वाक्यावर वर्षभराचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक लांब गोष्ट, उभं राहील. त्या तीन रात्रींत गावात काय होतं? कोणी मागे राहिलं तर? अंथरुणाला खिळलेला म्हातारा हलवता येत नसेल तर त्याच्याजवळ कोण थांबणार? तुमची सात राज्यं एवढं काम करत नाहीत.

म्हणून पहिली सूचना: सात राज्यांचा नकाशा कपाटात ठेवा आणि एक खाडी घ्या. दक्षिण कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर, त्यामुळे नद्या आखूड आणि प्रत्येकीच्या तोंडाशी खाडी. पूल नव्हते तेव्हा उत्तर-दक्षिण जायचं म्हणजे दर थोड्या अंतरावर तरीची (पलीकडे नेणाऱ्या नावेची) वाट बघायची. खाडीपल्याडचं गाव हाकेच्या अंतरावर, पण तिथला देव वेगळा, मानकरी वेगळे, बोलण्याचा हेलसुद्धा वेगळा. जग बनवायला एवढं अंतर पुष्कळ झालं. माझ्या टेबलावर जे गाव चालतं त्याला मी वेळखाडी म्हणतो. वर जांभ्या दगडाचा सडा (उघडं पठार), उतारावर काजी-आंब्याची कलमं आणि घरं, खाली खाजण (बांधाआडची खाडीकाठची भातजमीन), मग बांध, मग खाडी, आणि तोंडाशी बंदर. सड्यापासून बंदरापर्यंत चालत दोन तास. एवढ्यात सगळं मावतं.

या जागेला घड्याळ द्या, आणि ते घड्याळ भरती-ओहोटीचं असू द्या. आपल्याकडचा जुना ढोबळ हिशोब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, पण टेबलावर तेवढं चालतं. आता गंमत बघा. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ऐन मध्यरात्रीच्या आसपास खाडी तुडुंब, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या मध्यरात्री उलट: ओहोटी, भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी, गुडघाभर चिखल, चालत पलीकडे जाता येईल असं वाटायला लावणारा. ज्या रात्री भुतं बाहेर पडतात म्हणतात त्याच रात्री खाडी ओलांडता येत नाही, हे मला मुद्दाम रचावं लागलं नाही. कॅम्पेनच्या पहिल्या दिवशी तिथी ठरवा, भिंतीवर कालनिर्णय लावा, आणि 'आता किती वाजले' याचं उत्तर नेहमी पाण्यावरून द्या. चार सेशनमध्ये खेळाडू स्वतःच पाऊणने गुणायला लागतात.

आता भुतं. चाळीसची यादी फाडू नका, पण तिच्यातली चार-पाचच खेळात आणा आणि प्रत्येकाच्या कागदावर चारच गोष्टी लिहा: शीव, मान, वेळ, रोष. त्याची हद्द कुठवर, त्याला काय द्यायचं आणि कोणी द्यायचं, तो कधी भेटतो, आणि द्यायचं राहिलं तर काय करतो. ताकद, चिलखत, हल्ला यांचे रकाने ठेवूच नका. रकाना असला की खेळाडू तो वापरतोच.

माझ्याकडचा एक नमुना देतो. त्याला नाव नाही, गावात सगळे 'बांधावरचा' म्हणतात. त्याची शीव उघाडीपासून (बांधातल्या पाण्याच्या दारापासून) जुन्या वडापर्यंतचा खाजणाचा बांध. खाडीच्या बाजूला भरतीची रेघ येते तिथवर, आत पहिल्या कुणग्यापर्यंत (भाताच्या खाचरापर्यंत). मान: लावणीआधी एक नारळ, एक रोट आणि विडी-काडी. ती ठेवायची त्या घराण्यातल्या थोरल्याने, ज्याच्या पूर्वजाने बांध घातला. वेळ: पाणी चढत असताना, संध्याकाळनंतर. दिसत नाही, काठी आपटल्याचा आवाज येतो आणि कांबळ्याचा ओला वास. रोषाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि मी यावर सर्वांत जास्त वेळ घालवला. पहिली पायरी: बांधाला खेकड्यांची बिळं पडायला लागतात. दुसरी: आतल्या कुणग्यात खारं पाणी झिरपतं, भात पिवळं पडतं. तिसरी: उधाणाच्या रात्री बांध फुटतो आणि खाजण खाडीला मिळतं. मग ती जमीन पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात.

खेकड्यांच्या बिळांनी बांध खरोखरच फुटतात, खाजणवाल्या कोणालाही विचारा. रोषाची पहिली पायरी नेहमी अशीच घ्या: जिचं साधं, रोजचं स्पष्टीकरणही देता येईल. म्हणजे टेबलावर भांडण लागतं. एक खेळाडू म्हणतो माती टाकून बिळं बुजवू, दुसरा म्हणतो थोरल्याला विचार नारळ ठेवला होता का. दोघेही बरोबर असू शकतात, आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, यात पंच व्हायचं नाही. आमच्याकडे थोरला मुंबईला गिरणीत असतो आणि धाकट्याला तो मान द्यायचा हक्क नाही. या एवढ्याशा अडचणीवर चार पात्रं बोरीबंदरापर्यंत जाऊन आली.

बाकीच्यांचं थोडक्यात. चकवा हे खेळासाठी सर्वांत गुणी भूत, कारण त्याला अंगच नाही. चकवा लागला की मी टेबलावरचा नकाशा उलटा करून ठेवतो आणि वाट खेळाडूंना तोंडी सांगायला लावतो. सांगताना पहिला मतभेद झाला की ते पुन्हा त्याच काजीखाली. सुटका एकच: बसून राहायचं आणि तांबडं फुटेपर्यंत उठायचं नाही. उतावळ्या खेळाडूंना याहून मोठी शिक्षा नाही. गिऱ्हा खाडीसाठी राखून ठेवा. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, म्हणून त्याच्या वेळी एखाद्या खेळाडूलाच चिठ्ठी देऊन दुसऱ्याला हाक मारायला लावायची. मुंजा पिंपळावर राहू द्या, तो पोरकट आहे आणि तसाच छान आहे. खवीस मी वापरत नाही.

देव आणि भूत यांच्यातली रेघ पक्की आखायच्या भानगडीत पडू नका. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. वेताळ हा भुतांचा राजा, आणि इथे तोच गावाचा पाठीराखा. त्याला केळीचे घड वाहतात आणि मोठाल्या चामडी चपला. लोक म्हणतात तो रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात. खेळ रचणाऱ्याला यातून शिकण्यासारखं असं की देवाच्या शक्तीचं वर्णन न करता झिजलेला तळवा दाखवला आहे. तुमच्या प्रत्येक राखणदाराला अशी एक वापरून झिजणारी वस्तू द्या. खेळाडू ती हातात घेऊन बघतील, मोजतील, बदलून आणतील. तेवढ्यात तो राखणदार त्यांना खरा वाटायला लागतो.

जादूच्या बारा शाखा मात्र खरंच सोडा. वेळखाडीत जादू म्हणजे गाऱ्हाणं. मागणारा उभा राहतो, हद्दीतल्याला नावाने किंवा जागेने हाक मारतो, काय हवं ते सांगतो, बदल्यात काय देणार ते सांगतो. टेबलावर ते मोठ्याने म्हणायचं, मालवणी येत असेल तर मालवणीत:

"बा देवा, बांधावरच्या राखणदारा म्हाराजा..."
"व्हय म्हाराजा!"
"आज ही लेकरां तुझ्या बांधार इली हत, वाट चुकली हत, तेंका सांभाळून घी म्हाराजा..."
"व्हय म्हाराजा!"
"उधाणाच्या आधी पलीकडे पोचय, येतल्या अवसेक कोंबो देतलो म्हाराजा..."
"व्हय म्हाराजा!"

'व्हय म्हाराजा' बाकीच्या खेळाडूंनी म्हणायचं, आणि नियम असा की जो म्हणेल तो संरक्षणातही आला आणि कर्जातही. जो गप्प बसेल तो दोन्हीतून बाहेर. हा नियम आणल्यावर आमच्या टेबलावरचा नास्तिक खेळाडू सर्वांत रंगतदार झाला, कारण त्याला दर वेळी ठरवावं लागतं.

मग दोन साधे फासे टाका. बेरीज 10 किंवा जास्त आली तर मागितलेलं मिळतं. 7 ते 9 आली तर मिळतं, पण समोरचा आणखी एक काहीतरी मागतो. 6 किंवा कमी आली तर तो आधी आपलं जुनं देणं काढतो. दोन फाशांच्या 36 शक्यता असतात. त्यांत 10 किंवा वर 6, मधल्या पट्ट्यात 15 आणि खाली 15. प्रत्येक थकलेल्या मानाला बेरजेतून 1 वजा करा. वाटतं किरकोळ, पण एकाच थकबाकीने खालच्या 15 शक्यतांच्या 21 होतात आणि वरच्या 6च्या 3. तुमचे मित्र हे गणित सांगितल्याशिवाय अंगाने ओळखतील आणि देणी फेडायला धावतील. त्यासाठी एक वही ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी, कोणाला, काय, कुठल्या तिथीला. पूर्ण झालं की काट मारायची. अनुभवाचे गुण, लेव्हल वगैरे मी काढून टाकलं आहे. पात्र किती मोठं झालं ते वहीतल्या काट मारलेल्या ओळींवरून कळतं.

कौल वेगळा ठेवा. गाऱ्हाण्यात मागायचं असतं, कौलात विचारायचं. देवळात कळ्या किंवा पाकळ्या लावतात आणि उजवी पडते की डावी ते बघतात. टेबलावर दोन कवड्या घ्या. दोन्ही उताण्या पडल्या तर उजवा, दोन्ही पालथ्या तर डावा, एक-एक पडली तर देव बोलला नाही. प्रश्न बदलून पुन्हा विचारा. फाशाऐवजी कवड्याच का? कवडी समतोल नसते. प्रत्येकीची पाठ वेगळी, वजन वेगळं. एक जोडी उजवा जरा जास्तच देते, दुसरी कायम गप्प. प्रत्येक देवळाची जोडी वेगळी ठेवा आणि अदलाबदल करू नका, महिन्याभरात खेळाडू म्हणायला लागतात, "पावणाईला नको विचारूया, ती कधी सरळ सांगत नाही." हा स्वभाव तुम्ही लिहिलेला नसतो. आणि एकदा कौल घेतला की तो बांधील. मोडता येतो, पण मोडणाऱ्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर जातं आणि त्याला काट नाही.

अवसर आला, म्हणजे एखाद्या पात्राच्या अंगात वारं आलं, तर त्याच्या तोंडून डीएमने बोलू नये. डाव्या हाताला बसलेल्या खेळाडूने बोलावं. त्याला गुपितं माहीत नसतात, त्यामुळे तो जे बोलतो ते अर्धं कोडं होतं, आणि ते खरं कसं करायचं हे काम तुमच्या गळ्यात पडतं. पडू द्या.

पात्रंही इथलीच घ्या. जादूगार, योद्धा, चोर हे त्रिकूट विसरा. तांडेल (होडीचा म्होरक्या) ज्याला वारा आणि पाणी कळतं, सुईण जिला सगळ्या घरांतली माणसं आणि त्यांचे जन्म माहीत, घाडी ज्याला गाऱ्हाण्याचा हक्क आहे, चिरेखाणीवरचा कामगार, आणि दशावतारी, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकातला नट. दशावतारी माझा लाडका. रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा. रात्रभर त्याने देव उभा केलेला असतो, तेव्हा पहाटे पेटारा उचलून बांधावरून जाताना त्याला पाहून एखाद्या राखणदाराची गल्लत झाली तर? त्याला एका रात्रीपुरता देव समजून कोणी नवस फेडायला आलं तर?

सड्यावर कातळशिल्पं ठेवायला विसरू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी अशा कितीतरी ठिकाणी जांभ्यात कोरलेली माणसं, मासे, वाघ, हत्ती आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या पोटात तर आणखी प्राणी कोरलेत. ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कोणी आणि कशासाठी कोरली याचं पक्कं उत्तर नाही, आणि खेळातही देऊ नका. माझ्याकडे एवढंच ठरलं आहे की सड्यावर कोणाचीच शीव लागत नाही. तिथे गाऱ्हाणं घालता येत नाही, ऐकायला कोणी नाही. खेळाडू भुतांना जितके घाबरत नाहीत तितके या शांततेला घाबरतात.

माहिती कुठून काढायची? नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून समजुती लिहून मागवल्या होत्या. 1909 साली त्याचा खून झाला. पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सामग्रीतून कोकणाचा भाग 1915 मध्ये छापला. तो जरूर चाळा, नावं भरपूर मिळतील. पण सरकारी यादीत जागा हरवते, आणि आपल्या भुतांची सगळी मजा जागेत आहे. घरातल्या मोठ्यांना 'कुठली कुठली भुतं असतात' असं विचारू नका, 'कुठल्या वाटेने रात्री जायचं नाही आणि का' असं विचारा.

काही गोष्टींत मात्र हात आखडता घ्या. खऱ्या गावाचा खरा देव खऱ्या नावाने खेळात आणू नका. त्या देवाचे मानकरी जिवंत आहेत, त्यांचे वाद कोर्टातही असतात. मानपानाची रचना जातीवर उभी आहे, हे झाकून गोड गाव रंगवलंत तर ते खोटं दिसेल. पण कोणाला खेळायला कुठलं पात्र मिळतं हे जातीवरून ठरू देऊ नका. आणि हडळ, जखीण यांच्याबाबत थांबून विचार करा. बाळंतपणात गेलेल्या, छळाने मेलेल्या बायकांची ही भुतं आहेत. तिला भीतीचा सोपा धक्का म्हणून झाडाखाली उभी करणं मला तरी जमत नाही. माझ्याकडे ती येते तेव्हा वहीत तिचं येणं निघतं, आणि देणेकरी घरातला एखादा प्रतिष्ठित निघतो. कोणाला चेटकीण ठरवून गावाने मारणं हा प्रसंग तर मनोरंजन म्हणून अजिबात नको. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच प्रकारांमुळे.

काळ कुठला घ्यायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडेल म्हणून सांगतो. माझी वेळखाडी गिरण्या सुरू झाल्यानंतरची आहे, कारण मला मुंबईला गेलेली माणसं हवी होती. समुद्रावरची हाणामारी आवडत असेल तर कान्होजी आंग्र्यांचा काळ, म्हणजे 1729 च्या आधीची दोन-तीन दशकं घ्या: आंग्रे, सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज, सगळे एकाच पाण्यात आणि प्रत्येकाचं दस्तक (परवाना) वेगळं. तुमची सात राज्यं तिथे हवी तर परवाने मागणारी सात गलबतं म्हणून येऊ द्या.

पहिलं सेशन शिमग्याला ठेवा. पालखी घरोघर फिरते, त्यामुळे एका संध्याकाळी सगळं गाव दाखवून होतं आणि कोणाच्या दारात ती किती वेळ थांबते त्यावरून मानपान कळतो. जाताना एक कोरी वही, दोन कवड्या आणि या वर्षीचं पंचांग घेऊन जा. चौघा खेळाडूंना प्रत्येकी एकच प्रश्न विचारा: तुझ्या घराचं कोणाला काय द्यायचं राहिलंय? ती चार उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, समोर तिथी टाका, आणि जिची तिथी सर्वांत जवळ असेल तिथून खेळायला लागा.